दीडशे मीटरवर जीएम मक्याची चाचणी: परवानगी कोणाची, देखरेख कोणाची?

देऊळगाव राजाकडच्या एका मका उत्पादकाने विचारलं आहे. त्यांच्या शेजारचा आठ एकरांचा गट एका बियाणे कंपनीने भाड्याने घेतलाय आणि येत्या खरिपात तिथे "जीएम मक्याची ट्रायल" (जीएम म्हणजे बाहेरच्या जिवाचं जनुक घातलेला) होणार, अशी गावात चर्चा आहे. यांचा स्वतःचा दोन एकरांचा मक्याचा सीड प्लॉट, म्हणजे बियाणे कंपनीसाठी बी पिकवायचं शेत, तिथून साधारण दीडशे मीटरवर. त्यांना कोणी विचारलं नाही, ग्रामपंचायतीत कागद आलेला नाही. प्रश्न तीन: ही परवानगी देतं कोण, माझ्या प्लॉटला धोका किती, आणि मी आता करू काय?

भाऊ, उत्तर लांबणार आहे, कारण यातलं निम्मं "ते अवलंबून आहे" असंच आहे. मी मूळचा पैदासकार, कापूस आणि मक्यातला. बावीस वर्षं ट्रायलची शेतं सांभाळली, पुढे एका संस्थेच्या जैवसुरक्षा समितीवर बसलो. जीएमच्या बाजूचे मला विरोधक समजतात आणि विरोधातले कंपनीचा माणूस. त्यामुळे दोन्हीकडच्या सभांत माझी खुर्ची शेवटच्या रांगेत असते. तिथून पुष्कळ दिसतं.

तुम्ही धोक्याबद्दल विचारलंय, पण तुमची खरी अडचण वेगळी आहे, असं मला वाटतं. उद्या तुमच्या प्लॉटमध्ये मिसळ सापडली, तुमच्या कंपनीने माल नाकारला, तर जबाब कोणाला विचारायचा, हे तुम्हाला आज माहीत नाही. परागकणांचं गणित त्यानंतरचं. तरी क्रमाने जाऊ.

सगळ्यात आधी, ती ट्रायल खरंच जीएमची आहे का, हे पाहा. कंपनीची पाटी लागली, गाडीतून दोन पोरं टॅब घेऊन उतरली की गावात त्याला "जीएम" म्हणायला सुरुवात होते. मी साध्या संकरित मक्याच्या ट्रायल घेत असतानाही लोक बांधावर येऊन विचारायचे, "याचा कडबा जनावराला घातला तर चालतो का?" दुसरी शक्यता जनुक-संपादनाची, म्हणजे जीनोम एडिटिंगची. बाहेरच्या जिवाचं जनुक न घालता पिकाच्याच जनुकात बारीक फेरफार केलेली रोपं 2022 च्या मार्चपासून 1989 च्या नियमांतल्या मुख्य कलमांतून वगळली आहेत. त्यांना पुढे सांगतो त्या मोठ्या समितीकडे जावं लागत नाही. 2025 च्या मे महिन्यात केंद्राने जाहीर केलेली 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राईस 1' ही भाताची दोन वाणं याच वाटेने आली. तेव्हा कंपनीच्या माणसाला सरळ विचारा: साधा संकरित, एडिट केलेला, की बाहेरचं जनुक घातलेला? खाली लिहितोय ते तिसऱ्या प्रकाराबद्दल.

आता परवानगी. 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा, आणि त्याखाली 1989 च्या डिसेंबरात आलेले नियम. बियाणे कायद्याशी याची गल्लत करू नका. जीएम पिकाकडे आपला कायदा मुळात पर्यावरणाचा विषय म्हणून पाहतो. कंपनीच्या आतच एक जैवसुरक्षा समिती असते, त्यात जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेला बाहेरचा एक माणूस बसतो. तिथून प्रस्ताव आरसीजीएमकडे जातो. ही त्याच विभागाची शास्त्रीय छाननी करणारी समिती. मोकळ्या शेतात पीक लावायचं, तर शेवटचा शब्द पर्यावरण मंत्रालयातल्या जीईएसीचा, म्हणजे जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीचा. शिवाय 2011 पासून ज्या राज्यात शेत आहे, त्या राज्याचं ना-हरकत पत्र लागतं. महाराष्ट्राने यासाठी डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. ग्रामपंचायत या साखळीत नाही. त्यामुळे पंचायतीत कागद नाही, एवढ्यावरून ट्रायल बेकायदा ठरत नाही. जिल्ह्याचं मात्र नाव आहे: जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असावी, असं नियमच सांगतो. ही समिती लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येऊ.

जीईएसीचं नावही एक गोष्ट सांगतं. 2009 च्या ऑक्टोबरात तिने बीटी वांग्याला, म्हणजे अळीला रोखणारं जनुक घातलेल्या वांग्याला, हिरवा कंदील दाखवला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशभर सुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला झाली, आणि 9 फेब्रुवारी 2010 ला त्यांनी वांगं थांबवलं. त्याच वर्षी समितीच्या नावातली 'मंजुरी' जाऊन 'मूल्यमापन' आलं. म्हणजे शास्त्रज्ञ तपासणार, ठरवणार सरकार. लागवडीचं म्हणाल, तर आजही आपल्या शेतकऱ्याला कायदेशीरपणे घेता येतं असं जीएम पीक एकच, कापूस. मोहरीला 2022 मध्ये पुढची परवानगी मिळाली खरी, पण 2024 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. मका अजून चाचणीच्या टप्प्यापलीकडे गेलेला नाही.

चाचणीचेही दोन टप्पे असतात. पहिल्याला आमच्याकडे बीआरएल-एक म्हणतात: एका ठिकाणी जास्तीत जास्त एक एकर, आणि सगळी ठिकाणं मिळून एका हंगामात वीस एकरांच्या वर नाही. दुसऱ्यात एका ठिकाणी अडीच एकरांपर्यंत. म्हणजे आठ एकर भाड्याने घेतले, याचा अर्थ आठ एकर जीएम मका, असा होत नाही. बहुधा मधला एक एकर ट्रायलचा, त्यातही निम्म्या ओळी तुलनेसाठी लावलेल्या साध्या वाणांच्या, आणि बाकीची जमीन अंतर राखायला.

हे अंतर म्हणजे तुमच्या प्रश्नाचा गाभा. 2007 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने चाचण्यांवरची आधीची बंदी उठवताना अटी घातल्या. चाचणीभोवती 200 मीटर अंतर. प्रत्येक चाचणीला एक जबाबदार शास्त्रज्ञ, नावानिशी. आणि मिसळ 0.01 टक्क्यापर्यंत ओळखता येईल अशी तपासणीची पद्धत आधीच तयार. ऐकायला 200 मीटर काही मोठे वाटत नाहीत. कागद-पेन्सिल घेऊन बसा. एक एकराचा चौरस घेतला तर बाजू साधारण 64 मीटर. त्याच्या चारही बाजूंना 200 मीटरची पट्टी ओढली की वेढलेली जमीन होते 45 एकरांच्या आसपास. एका एकरासाठी 45 एकरांत मका नको! कंपनीकडे आहेत आठ. आठ एकरांचा चौरस म्हणजे बाजू 180 मीटर. ट्रायल अगदी मधोमध घेतली तरी स्वतःच्या बांधापर्यंत मिळतात जेमतेम 58 मीटर. उरलेले 140 मीटर शेजाऱ्यांच्या शेतांतून जातात. म्हणजे तुम्हाला विचारल्याशिवाय, किंवा तुम्ही काय पेरणार हे माहीत करून घेतल्याशिवाय, ही अट पाळताच येत नाही. "मला कोणी विचारलं नाही" यात माझ्या लेखी सगळ्यात गंभीर गोष्ट हीच.

पण तुमचे दीडशे मीटर तुम्ही कुठून मोजलेत? दोन्ही गटांच्या बांधांमधलं अंतर दीडशे असेल आणि ट्रायल गटाच्या मध्यावर असेल, तर 58 त्यात मिळवा, तुम्ही 200 च्या बाहेर पडता. ट्रायल तुमच्याकडच्या कोपऱ्यात असेल, तर आत. आमच्या कामात अंतर मोजतात ते जीएमच्या शेवटच्या ओळीपासून दुसऱ्याच्या पहिल्या ओळीपर्यंत. मोबाईलवर नकाशा उघडून बोटाने मोजू नका, टेप घेऊन चाला. मी एकदा तीस मीटरच्या टेपने मोजायला गेलो, तेव्हा मधल्या नाल्याच्या वळणामुळे कागदावरचे 200 मीटर 170 भरले होते. ट्रायलचा प्लॉट तेवढा मागे सरकवावा लागला.

दीडशे मीटरवर पराग येतो का? येतो, थोडा. मक्याचा पराग जड असतो, बहुतेक तुऱ्याखालीच किंवा पन्नासेक मीटरांच्या आत बसतो. पण तुरा लाखोंनी पराग सोडतो, त्यातले काही वाऱ्यावर पुढे जातात. साध्या मक्याच्या शेतात या पाहुण्या परागाला फारशी संधी नसते, कारण शेताचा स्वतःचा पराग धो-धो पडत असतो. तुमचं तसं नाही. तुमच्या सीड प्लॉटमध्ये मादी ओळींचे तुरे तुम्ही खुडता, पराग फक्त नर ओळींतून येतो. शेतातला परागच कमी, म्हणून बाहेरून आलेल्याची वर्णी लागायची शक्यता जास्त. नर ओळी मागे पडल्या, मादीचे केस आधी बाहेर आले, तर आणखी जास्त. म्हणूनच तुमची कंपनीही तुमच्याकडून विलगीकरणाचं अंतर पाळून घेते. हे नियम तुम्ही माझ्यापेक्षा रोज पाळता, तुम्हाला समजावून सांगायला नको.

अंतर बसत नसेल तर वाटा आहेत. पेरणी महिनाभर पुढे-मागे करून दोन्हीकडचा फुलोरा एकमेकांत येऊ द्यायचा नाही. मक्याला हे जमतं, कारण तो एकदाच आणि थोडे दिवस फुलतो. कापसाला जमत नाही, तो महिनोन्महिने फुलत राहतो. किंवा ट्रायलमधला प्रत्येक तुरा पराग सुटायच्या आत पिशवीने बांधायचा किंवा खुडायचा. एका एकरात साठ बाय वीस सेंटीमीटरवर 33,000 च्या पुढे झाडं बसतात, तेव्हा हे बोलायला सोपं आणि करायला महाग. तिसरी वाट म्हणजे शेजाऱ्याला त्या हंगामापुरते पैसे देऊन दुसरं पीक घ्यायला लावणं. यातली कुठलीही वाट घ्यायची जबाबदारी ज्याच्याकडे परवाना आहे त्याची. तुमची नाही. "तुम्हीच यंदा सोयाबीन घ्या ना" असं कोणी गोड बोलून सांगितलं, तर ते फुकट करायचं काम नव्हे.

पीक कोणतं, यावरही पुष्कळ ठरतं. मक्याचे रानटी भाऊबंद मेक्सिकोत, आपल्याकडे नाहीत. म्हणून "जंगलात जनुक जाईल" ही भीती इथे लागू नाही. वांग्याचं घर मात्र हेच, त्याची रानटी भावंडं आपल्या बांधावर उगवतात. भात बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतो, म्हणून त्याचा पराग दूर जाण्याची भीती कमी. एकच नियम सगळ्यांना लावणं शास्त्राला धरून नाही, हे मी समित्यांमध्येही बोललो आहे. पण न्यायालयाने सरसकट 200 मीटर का सांगितले, तेही मला कळतं. विश्वास नसला की माणूस मोठा आकडा मागतो.

इथवर सगळं परागाबद्दल झालं. नियमही मुख्यतः परागाबद्दल बोलतात, आंदोलनंही, टीव्हीवरच्या चर्चाही. माझा अनुभव असा की ट्रायलमधून माल सुटतो तो वाऱ्याने नाही, पोत्याने. वाऱ्यावरचा पराग जगला तर काही तास जगतो. दाणा खिशात, गोणीच्या शिवणीत, मळणीयंत्राच्या जाळीत वर्षभर जिवंत राहतो.

अमेरिकेतली दोन उदाहरणं देतो, कारण तिथे चौकशा झाल्या आणि त्या छापल्या गेल्या. 2001 मध्ये नेब्रास्कात प्रोडीजीन नावाच्या कंपनीने औषधी प्रथिनं तयार करणाऱ्या मक्याची चाचणी घेतली. पुढच्या वर्षी त्याच शेतात सोयाबीन पेरलं. सांडलेल्या दाण्यांतून मक्याची रोपं आपसूक उगवली, ती वेळेत उपटली गेली नाहीत, आणि सोयाबीनबरोबर मळली जाऊन गोदामात गेली. तिथे ते सोयाबीन आणखी मोठ्या ढिगात मिसळलं आणि 5 लाख बुशेल, म्हणजे साडेतेरा हजार टनांच्या आसपास सोयाबीन नष्ट करायची वेळ आली. दंड अडीच लाख डॉलर, सफाईचा खर्च तीस लाखांच्या घरात. मका आणि त्याच्यावर सोयाबीन! तुमच्या भागातला फेरपालटही हाच ना?

दुसरं भाताचं. बायरच्या एलएल 601 या तणनाशक-सहनशील भाताच्या चाचण्या 1998 ते 2001 दरम्यान लुइझियानात झाल्या आणि संपल्या. वाण बाजारात आणायचं नाही, असं ठरलं. 2006 च्या ऑगस्टमध्ये त्याचा अंश अमेरिकेच्या निर्यातीच्या तांदळात सापडला. युरोप आणि जपानने दारं लावली, भाव पडले. 2011 मध्ये कंपनीने शेतकऱ्यांशी 75 कोटी डॉलरवर तडजोड केली. तो भात मिसळला कसा, हे अमेरिकी कृषी खात्याच्या चौकशीलाही नक्की सांगता आलं नाही. चाचणी संपून पाच वर्षं झाली होती.

आपल्याकडचं उदाहरण नागपूर-धारवाडचं. सरकारी संस्थांनी मिळून 'बिकानेरी नरमा बीटी' हे कापसाचं सरळ वाण केलं. शेतकऱ्याने घरची सरकी राखून पुन्हा पेरावी, हा त्यामागचा चांगला विचार. 2009 मध्ये ते शेतावर आलं आणि लवकरच मागे घ्यावं लागलं, कारण त्यात दुसऱ्याच, मॉन्सँटोच्या मॉन 531 जनुकाची मिसळ सापडली. पुढे त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या सोपोरी समितीनेही ती नोंदवली. एवढ्या जाणत्या माणसांच्या हातूनही बियाणं मिसळतं. तिथे वाऱ्याला दोष देऊन भागत नाही.

आता माझं स्वतःचं. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली मक्याची एक ट्रायल, कंपनी आणि गाव सोडून द्या. जीएम कणसं खाण्याला परवानगी नव्हती, एकूण एक कणीस मोजून, नमुने काढून, बाकीचं खड्ड्यात जाळायचं होतं. कापणीच्या आधी मी रजिस्टर पाहिलं तर एका प्लॉटात साठ-सत्तर कणसं कमी. शेरा होता, "पोपटांमुळे नुकसान". पोपट तिथे होतेच, म्हणून मी सही करणार होतो. सहज राखणदाराच्या खोपटामागे गेलो तर तीन दगडांची चूल, शेजारी सोललेल्या पानांचा ढीग आणि भाजून खाल्लेली बिटकं. पोपट कणीस भाजून खात नाहीत. राखणदार वयस्क माणूस, म्हणाला, "साहेब, पोरं रोज बघायची. मक्याच्या राखणीला बसलो आणि कणीस नाही म्हणायचं, हे त्यांना कसं सांगू?" त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, की हा मका वेगळा का आहे. आमच्याकडे इंग्रजीत टाईप केलेली कार्यपद्धती होती, जाड फाईलमध्ये, 80 किलोमीटरवरच्या कार्यालयात. मी तो शेरा खोडून खरं लिहिलं, वर कळवलं, आणि माझ्या वरिष्ठांनी मला फोनवर जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांचा राग कणसं गेल्याचा नव्हता, ते कागदावर आल्याचा होता.

त्यानंतर मी दोन सवयी लावून घेतल्या. पेरणीच्या दिवशी बियाण्याची पाकिटं उघडताना आणि पेरून झाल्यावर उरलेले दाणे मजूर बायांच्या समोरच मोजायचे, आणि आकडा मराठीत फळ्यावर लिहायचा. आणि राखणदाराच्या घरी हंगामभर साधा मका मी स्वतः पोहोचवायचा. दुसरी सवय कुठल्याही नियमपुस्तकात नाही, पण पोपटांचं नुकसान एकदम घटलं.

देखरेखीसाठी जीईएसी कृषी विद्यापीठांतली माणसं नेमते, आणि त्यातले बरेच जण प्रामाणिकपणे येतात. पण ते येतात फुलोऱ्याला आणि कापणीला. हे दोन दिवस शेत सगळ्यात नीटनेटकं असतं, लग्नघरासारखं. मळणीनंतरच्या तिसऱ्या दिवशी, किंवा पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर आठ दिवसांनी कोणी आलेलं मी क्वचितच पाहिलं. खरी तपासणी तेव्हाची. एकदा आम्ही कापणीनंतर शेत नांगरून, रोपं वेचून स्वच्छ केलं होतं. पहिल्या पावसाने बांधाच्या कडेला अकरा रोपं उगवली, सगळी एकाच ठिकाणी, जिथे नमुन्यांचं छोटं मळणीयंत्र उभं केलं होतं. शेत सगळ्यांनी पाहिलं, यंत्राखालची जमीन कोणी नाही. कापणीनंतर ते शेत ठरलेल्या मुदतीपर्यंत परवानाधारकाच्या ताब्यात आणि पाळतीखाली राहायला हवं, तिथे तेच पीक घ्यायचं नाही आणि उगवलेली रोपं फुलायच्या आत नष्ट करायची, हे मार्गदर्शक सूचनांत आहे. म्हणून एका खरिपाच्या भाडेपट्ट्यावर ट्रायल, हे ऐकलं की माझे कान टवकारतात. करार दिवाळीला संपला, मालकाने रब्बीत पुन्हा मका टाकला, तर पाळत कोण ठेवणार? विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या जमिनीवर ट्रायल घेणं यासाठीच बरं.

जिल्हा समितीबद्दल स्पष्ट बोलतो. मी काम केलेल्या जिल्ह्यांत ती कागदावर होती, बैठक झालेली मला आठवत नाही. तुमच्या जिल्ह्यात वेगळं असू शकेल. तरीही अर्ज तिच्याच नावाने करा, कारण नियमांनी तिला अधिकार दिलाय: अटी मोडल्या तर ती किंवा राज्य समिती जबाबदार माणसाच्या खर्चाने उपाय करू शकते. तुमच्या प्लॉटचं नुकसान भरून देण्याची सोपी, तयार वाट मात्र त्यात नाही. जैवतंत्रज्ञान नियामक प्राधिकरणाचं विधेयक 2013 मध्ये लोकसभेत आलं होतं, लोकसभा विसर्जित झाली आणि तेही गेलं. मिसळ झाल्यावर तुम्हाला दिवाणी कोर्टाचीच पायरी. म्हणून जे काही लिहून घ्यायचं ते पेरणीच्या आधी.

तर करायचं काय. कंपनीच्या माणसाकडून जीईएसीच्या परवानगीचं पत्र आणि राज्याचं ना-हरकत पत्र बघायला मागा. पत्रात पीक, जनुकाचं म्हणजे इव्हेंटचं नाव, हंगाम आणि ठिकाण असतं. ठिकाण तुमच्या शेजारचंच आहे का, हे वाचा. गावाच्या नावावर समाधान मानू नका, गट नंबर जुळवा. जीईएसीच्या बैठकांची इतिवृत्तं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असतात, त्यांच्याशी ताडून पाहा. पत्र दाखवायला टाळाटाळ झाली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज, प्रत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना, आणि माहिती अधिकारात एक अर्ज मंत्रालयाला. अर्जात तुमचा गट नंबर, सीड प्लॉटचा करार, पेरणीची तारीख आणि टेपने मोजलेलं अंतर लिहा. "जीएम हानिकारक आहे" यावर एक ओळही लिहू नका, त्यावर चाळीस पानी उत्तर येतं. अंतरावर मात्र कोणाला चाळीस पानं लिहिता येत नाहीत.

कंपनीशी एक साधा लेखी करार करा: विलगीकरण ते करतील, तुमच्या मालाची तपासणी त्यांच्या खर्चाने होईल, मिसळ सापडली तर ठरलेल्या दराने सगळा माल ते घेतील. जबाबदार शास्त्रज्ञाचं नाव आणि फोन त्यात हवा. तुमच्या स्वतःच्या बियाणे कंपनीलाही आजच कळवा. नंतर कळलं तर ते तुमच्यावर ढकलतील.

तपासणीचंही सांगून ठेवतो. बीटी कापसाला पान चुरडून पाण्यात कालवून पट्टी बुडवतात, दोन रेघा आल्या की बीटी. तशी पट्टी मक्यालाही चालते, पण कोणतं प्रथिन शोधायचं हे माहीत असलं तरच, म्हणून इव्हेंटचं नाव हवं. आणि मूठभर दाणे तपासून निकाल लागत नाही. हजारात एक दाणा मिसळीचा असेल, तर तो 95 टक्के खात्रीने पकडायला सुमारे 3,000 दाणे लागतात. न्यायालयाने सांगितलेल्या 0.01 टक्क्यासाठी 30,000, म्हणजे आठ-नऊ किलो मका. कोणी शंभर दाण्यांचा रिपोर्ट आणून "स्वच्छ आहे" म्हणालं, तर त्याला हे गणित दाखवा.

एक गोष्ट करू नका. गावातली पोरं म्हणतील, रात्रीत उपटून टाकू. 1998 मध्ये कर्नाटकात सिंधनूरला झालं, 2006 मध्ये हरियाणात कर्नालजवळ रामपुऱ्यात भाताची चाचणी जाळली गेली. गुन्ह्याचं राहू द्या, व्यवहाराचं बोलतो. दाणा भरलेल्या शेतात पन्नास माणसं घुसली की कणसं पन्नास वाटांनी जातात, आणि मोजणीचा हिशेब कायमचा संपतो. मग काय कुठे गेलं हे कंपनीही सांगू शकत नाही, आणि तिला सांगावंही लागत नाही. उलटं टोकही आपल्याच विदर्भात घडलंय: 2019 च्या जूनमध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी परवानगी नसलेला तणनाशक-सहनशील कापूस जाहीरपणे पेरला. त्या कापसासाठीचा अर्ज कंपनीने 2016 मध्येच मागे घेतला होता, बियाणं मात्र पाकिटांतून गावोगाव पोहोचलंच. निंदणीची मजुरी परवडत नाही म्हणून ते पेरणारा शेतकरी मला कळतो. पण त्या बियाण्याला ना अंतर, ना रजिस्टर, ना कोणी जबाबदार शास्त्रज्ञ.

ट्रायल झालीच, तर पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांनी त्या बांधावर एक चक्कर मारा. सोयाबीनच्या ओळींत बघाच, पण आधी बघा मळणीयंत्र कुठे उभं होतं, पोती कुठून गाडीत चढली आणि राखणदाराचं खोपट कुठे होतं. मक्याचं रोप दिसलं तर उपटू नका, फोटो काढा, तारीख लिहा आणि त्या शास्त्रज्ञाला फोन लावा. परवानगीचं पत्र हाती आलं आणि त्यातला इव्हेंट कळेनासा झाला, तर नावं झाकून ती ओळ इथे टाका, मी वाचून सांगतो.